विटक्या रंगाच्या लाह्या

आमच्या खोलीत मका फुटायला लागला की अख्ख्या मजल्याला कळायचं. आईचं एक जाड बुडाचं पितळी पातेलं होतं. त्यात चमचाभर तेल, मूठभर मका, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. पहिला दाणा झाकणावर आपटला की आई गॅस बारीक करायची आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून असं हलवायची की शेजारच्या सावंतकाकू भिंतीपलीकडून विचारत, "लाह्यो करतंस काय गो?" उत्तराची वाट न पाहता त्या वाटी घेऊन दारात हजर होत. लालबागच्या त्या चाळीत खोल्या वेगळ्या होत्या, पण वास आणि आवाज सगळ्यांचे सामाईक होते. कोणाकडे सुकट भाजलीय, कोणाचं भांडण चालू आहे, कोणाच्या जावयाला गोड काय केलंय, हे सगळं सगळ्यांना माहीत असायचं.

संक्रांतीला आई या लाह्यांना साखरेचा पाक चढवायची. पाक गोळीबंद झाला की त्यात खायचा रंग टाकायचा, परातीतल्या लाह्यांवर धार धरायची आणि दोन उलथण्यांनी खालवर करत राहायचं. हात थांबला की सगळ्याचा एकच गोळा होतो. नाही थांबला तर साखर हळूहळू सुकत जाते आणि प्रत्येक लाही सुटी होऊन अंगठीतल्या खड्यासारखी चमकायला लागते. न फुटलेले दाणे, ज्यांना आई गणंग म्हणायची, ते आधीच चाळून काढायचे. ते एका वाडग्यात जमायचे आणि बाबा रेडिओ ऐकत ते कुडूम कुडूम खात बसायचे. "दात पडतील," आई म्हणायची. "गिरणीनं पोटावर मारलं, दात कुठले राहतात," असं बाबा म्हणत. गिरणी बंद पडून वर्षं झाली होती आणि बाबा एका कुरिअर कंपनीत लागले होते, तरी घरातल्या प्रत्येक वाईट गोष्टीचा दोष अजून गिरणीकडेच जायचा.

मी तेव्हा चर्चगेटच्या बाजूच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाहेरच्यांना यात फार मोठं काहीतरी वाटतं. घरात त्याचा अर्थ एवढाच होता की ज्या गोष्टी कोणालाच कळत नाहीत त्या मला कळायला हव्यात. फ्रिज गार का करत नाही, मोबाईलवर हे काय आलंय, सावंतकाकूंच्या गोळीवर काय लिहिलंय. "तू कॉलेजात जातंस मां?" असं काकू विचारत आणि मी गोळीचं पाकीट उजेडात धरून गंभीर चेहऱ्याने वाचत असे. मी मार्केटिंग शिकत होते. आज मी तोच विषय शिकवते. गोळ्यांबद्दल मला अजूनही काही सांगता येत नाही.

तर त्या वर्षी पौषात आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं सगळं आयुष्य परळच्या चाळीत गेलं, पण मुलगा प्रसाददादा शिकला, मोठ्या पगाराला लागला आणि ती मंडळी वरळीला एका टॉवरमध्ये राहायला गेली. तिथून समुद्र दिसतो. आत्या फोनवर प्रत्येक वेळी समुद्राची खुशाली सांगायची. आज भरती आहे, आज धुकं आहे, आज एक मोठी बोट दिसली. आमची खुशाली विचारायची राहून जायची, पण ती मुद्दाम विचारत नसेल असं नाही. समुद्र मोठा असतो.

"सुनंदा," आत्या आईला म्हणाली, "प्रसादच्या विहानचं बोरन्हाण ठरलंय रविवारी. इथल्याच क्लबहाउसमध्ये. लाह्या तूच कर गं. तुझ्या हाताची सर कोणाला नाही. आणि आमच्या अनुजाला सगळं घरगुतीच पाहिजे, बाहेरच्या रंगांचा भरवसा नाही म्हणते."

"करते ना ताई. तुम्ही सांगायचं आणि मी नाही म्हणायचं?"

फोन ठेवल्यावर आईचा चेहरा असा झाला होता की सावंतकाकूंनी विचारलं, "लॉटरी लागली काय गो?" बाबांनी मात्र वाडग्यातला गणंग दाताखाली फोडत विचारलं, "बोलावलंय का?"

"म्हणजे काय? लाह्या काय एकट्या जाणार आहेत?"

"तसं नाही. या म्हणाली का?"

आईने फोन पदराने पुसला. "बोलण्याच्या नादात राहिलं असेल. येईल ना निमंत्रण. आता ते मोबाईलवर पाठवतात, चित्राबित्राचं. हिच्याकडे येईल." हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे.

इथे एक सांगायला हवं. प्रसाददादाचं बोरन्हाण आमच्याच खोलीत झालं होतं. आत्या तेव्हा माहेरपणाला आलेली, आई घरात नवी नवरी. पोराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं आणि चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, शेंगा आणि आईने फोडलेल्या मक्याच्या लाह्या त्याच्या डोक्यावरून ओतल्या. ओतल्या मामीनेच, म्हणजे आईने. मजल्यावरची पोरं खाली पडलेलं लुटायला अशी तुटून पडली की एकाने प्रसाददादाच्या मनगटातलं हलव्याचं कडंच खाल्लं. ही गोष्ट आई दर संक्रांतीला सांगायची. तिच्या दृष्टीने आत्याच्या फोनचा अर्थ सरळ होता. बापाला घातलं, आता पोराला घालायचं. मामाच्या घरचा मान. तिने पेटीतून काळी चंद्रकळा काढून गॅलरीत वाळत घातली आणि निमंत्रणाची वाट बघू लागली.

माझ्या मोबाईलवर मात्र निमंत्रण आलं नाही, अनुजावहिनीचे, म्हणजे प्रसाददादाच्या बायकोचे, निरोप आले. पहिला निरोप असा की थीम इंद्रधनुष्याची आहे, तेव्हा लाह्या सात रंगांत हव्या. आईला आनंद झाला. दुसरा असा की रंग पेस्टल हवेत. सोबत एक चित्र होतं, त्यात सात फिकट चौकोन. लाल नव्हता, पीच होता. हिरवा नव्हता, पिस्त्याचा कसलातरी होता.

"पेस्टल म्हणजे काय?" आईने विचारलं.

मी विचार करून सांगितलं, "हलके, सौम्य रंग. सध्या उठावदार रंगांपेक्षा त्यांना पसंती आहे."

आईने चित्र लांब धरून पाहिलं. "म्हणजे धुऊन धुऊन विटलेले."

"तसं नाही गं."

"अगं, हा बघ, बाबांचा जुना शर्ट. आणि हा आपला पडदा. हे करायला कशाला रंग पाहिजे, पाणी पाहिजे."

तिसरा निरोप असा होता की बोरं आणि चुरमुरे नसतील, बोरं मळकट दिसतात आणि चुरमुरे फोटोत येत नाहीत, त्यामुळे सगळा भार लाह्यांवर आहे. "बोरन्हाणात बोरं नाहीत?" बाबा म्हणाले. "मग पोर कशानं न्हाणार? कल्पनेनं?" मी त्यांना समजावून सांगितलं की हल्ली अनुभवाला महत्त्व आहे, वस्तूला नाही. हे मी वर्गात ऐकलं होतं. बाबांनी मान हलवली आणि रेडिओ मोठा केला.

शनिवारी दुपारी आम्ही बसलो. रंगांचं खातं माझ्याकडे होतं, कारण मी शिकलेली. आईचा हात लाल-पिवळ्या-हिरव्याला सरावलेला, चिमूट टाकली की पाक पेटायचा. मी सुईच्या टोकावर रंग घेऊन टाकत होते आणि चित्राशी ताडून बघत होते. पीच जमला. पिस्ता जमला. जांभळ्याचा विटलेला जांभळा करताना तो असा काही झाला की सावंतकाकू म्हणाल्या, "ह्यो तर आमच्या न्हाणीघराचो रंग." तो पुन्हा केला. आईचे दंड भरून आले, पण उलथणी थांबली नाहीत. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून सात रंगांचे ढीग लागले तेव्हा खरं सांगते, ती खोली मला कधी नव्हे इतकी सुंदर दिसली. आईला नाही आवडली. "आजारी इंद्रधनुष्य आहे," ती म्हणाली, "पण त्यांना आवडतंय ना, झालं तर."

आता प्रश्न होता ठेवायचा. मुंबईच्या हवेत पाकातली लाही उघडी राहिली तर सकाळपर्यंत तिचा चिखल होतो. घट्ट झाकणाचा एवढा मोठा डबा आमच्याकडे एकच होता. मसाल्याचा.

बाहेरच्या माणसाला याची कल्पना यायची नाही. लालबागला वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. मिरच्या, धणे, खडा मसाला गच्चीवर वाळवायचा, घरी भाजायचा, मसाल्याच्या गिरणीवर कुटून आणायचा आणि मोठ्या पत्र्याच्या डब्यात, मध्ये हिंगाचे खडे ठेवून, दाबून भरायचा. त्या दिवसांत आमच्या गल्लीत नवा माणूस शिंकल्याशिवाय शिरू शकत नाही. आम्ही मात्र त्यातच जन्मलेलो, त्यातच झोपलेलो. पौषापर्यंत डबा निम्मा झालेला असतो. आईने उरलेला मसाला बरण्यांत काढला. डबा गरम पाण्याने, साबणाने, लिंबाच्या सालींनी घासला. गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवला. पुन्हा घासला. मग तिने त्यात डोकं घालून वास घेतला.

"येतोय का गं?"

मी डोकं घातलं. काही नाही. बाबांनी घातलं. "स्वच्छ आहे." सावंतकाकू आल्या, त्यांनी पदर सावरून इतका वेळ डोकं आत ठेवलं की आम्हाला काळजी वाटली. "काय एक वास येना नाय," आतून घुमत उत्तर आलं. मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून डबा हुंगवण्यात आला आणि साऱ्या मजल्याने एकमुखाने निर्वाळा दिला की डब्याला कसलाही वास नाही. त्या निर्वाळ्यात खोटं काहीच नव्हतं. आज मी विद्यार्थ्यांना सांगते की पाहणी करताना नमुना निवडण्यात चूक होऊ शकते. उदाहरण म्हणून हा डबा सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

रविवारी सकाळपर्यंत निमंत्रण आलं नव्हतं. "राहिलं असेल," आई चंद्रकळेच्या निऱ्या घालत म्हणाली. "घरच्यांना कोण निमंत्रण देतं?" आम्ही तिघं टॅक्सीने निघालो. बाबांच्या मांडीवर डबा होता. टॉवरच्या फाटकावर रखवालदाराने डबा बघितला, आम्हाला बघितलं आणि विचारलं, "डिलिव्हरी?"

"बोरन्हाणाला आलोय," आई म्हणाली.

त्याने यादी पाहिली. यादीत आम्ही नव्हतो. त्याने वर फोन लावला, मग म्हणाला, "हां, पॉपकॉर्न. सर्व्हिस लिफ्टने जा." सर्व्हिस लिफ्टमध्ये एक गादी उभी करून ठेवली होती आणि कुत्र्याला फिरवून आणणारा एक माणूस होता. कुत्रा बाबांच्या मांडीपाशी आला, डबा हुंगला आणि मोठ्याने शिंकला. आम्हाला त्याची दया आली. त्याला सर्दी असेल असं बाबा म्हणाले.

क्लबहाउसमध्ये सगळीकडे ते सात विटके रंग होते. फुगे, पडदे, केक, एका बाईची नखं. कार्यक्रम सांभाळणारी एक मुलगी धावत आली, "आंटी, फायनली! इथे ठेवा," म्हणाली आणि डबा घेऊन गेली. आत्या लगबगीने आली. तिने आईचे दोन्ही हात धरले. "आलीस का? बरं झालं बाई. सुनंदा, जरा आत जाऊन त्या काचेच्या बरण्या भरून देतेस? त्या पोरीला जमत नाहीये." आत्या तशी वाईट नाही. तिला त्या दिवशी खूप कामं होती. आई चंद्रकळेचा पदर खोचून आत गेली आणि बरण्या भरू लागली. मी मदतीला गेले. प्रत्येक बरणीला फीत होती आणि फितीला एक चिठ्ठी, 'विथ लव्ह'. कोणाचं, ते लिहिलं नव्हतं.

"बाहेर जाऊ या ना," मी म्हणाले.

"बोलावतील," आई म्हणाली. "मामीशिवाय कसं घालतील?"

बाहेरून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा तिच्या हातात बरणी होती. आम्ही दारात आलो. विहान फिकट निळ्या झबल्यात पाटावर, म्हणजे एका पांढऱ्या सोफ्यावर बसला होता. अनुजावहिनी आणि तिच्या मैत्रिणी छोट्या छोट्या बादल्यांनी लाह्या ओतत होत्या आणि प्रत्येक बादलीला थांबून फोटो निघत होता. आई दारातच उभी राहिली. तिने बरणी पोटाशी धरली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मग बघितलं नाही.

पोरं लाह्यांवर तुटून पडली, तेवढं मात्र आमच्या चाळीसारखंच झालं. मूठमूठ तोंडात गेली. मग विहान शिंकला. मग एक पोरगा ओरडला, "ममा, इट्स स्पायसी!" दुसरी पोरगी जीभ बाहेर काढून पाण्याकडे पळाली. आईचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे, मग बाबांकडे बघितलं. बाबांनी खाली वाकून एक पीच लाही उचलली, तोंडात टाकली, शांतपणे चावली. "गोड आहे," ते म्हणाले. मीही खाल्ली. गोडच होती. त्या संपूर्ण दालनात ती फक्त आम्हा तिघांना गोड लागत होती.

काय झालं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात त्या रंगीत नखांच्या बाईंनी एक लाही दोन बोटांत धरून खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ओ माय गॉड. कॅरमल विथ चिली! आणि मागे एक स्मोकी काहीतरी आहे." ते हिंग होतं. "अनुजा, धिस इज सो क्लेव्हर! बोरन्हाण विथ अ ट्विस्ट." लगेच चारी बाजूंनी हात आले. जो तो खाऊन डोळे मिटू लागला. पाण्याकडे पळालेल्या पोरीला तिच्या आईने परत आणलं आणि सांगितलं की हे छान असतं. अनुजावहिनीचा चेहरा आधी घाबरला होता, तो हळूच कर्तबगार झाला. "हो ना," ती म्हणाली, "मला काहीतरी वेगळंच हवं होतं."

"कोणाकडून घेतलंस? नंबर दे. मला किआराच्या बर्थडेला हवंय."

"एक बाई आहेत लालबागला," अनुजावहिनी म्हणाली. "घरी करून देतात. या काय, इथेच आहेत." आणि तिने आईकडे हात केला.

तिच्या लग्नात आईने तिची ओटी भरली होती. तिला आठवत नसावं. त्या दिवशी पुष्कळ जणींनी भरली होती. तिला खरंच ठाऊक नव्हतं असं मानायला मला आजही आवडतं. आत्या तिच्या शेजारीच उभी होती. तिला ठाऊक होतं. तिने पडद्याची एक घडी सरळ केली.

नखांच्या बाई मोबाईल काढून आईजवळ आल्या. "हाय! तुम्ही ऑर्डर घेता ना?"

आईने बरणी माझ्या हातात दिली. खोचलेला पदर काढून खांद्यावर नीट घेतला. मी तिला एवढ्या माणसांसमोर बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"ऑर्डर नाही हो घेत मी," ती म्हणाली. आवाज अगदी घरातला होता. "हे फक्त घरच्यांसाठी करते. मी प्रसादची मामी. ह्या पोराच्या बापाचं बोरन्हाण माझ्याच हातानं झालंय, आमच्या खोलीत. तेव्हा लाह्या पांढऱ्या होत्या एवढंच."

मग ती माझ्या हातातली बरणी घेऊन चालत सोफ्यापाशी गेली, विहानच्या हनुवटीला हात लावला आणि सगळी बरणी त्याच्या डोक्यावरून सावकाश ओतली. फोटोसाठी थांबली नाही. पोरगं खदखदून हसलं आणि पुन्हा शिंकलं. प्रसाददादा इतका वेळ मोबाईलमधून हे सगळं बघत होता. त्याने मोबाईल खाली केला, पुढे आला आणि वाकून आईच्या पाया पडला. "मामी, माझं कडं कोणी खाल्लं होतं गं तेव्हा?" एवढंच त्याने विचारलं. आत्या मोठ्याने म्हणाली, "अगं, ही माझी भावजय! सकाळपासून सांगतेय सगळ्यांना."

परत येताना बाबा रिकामा डबा घेऊन सर्व्हिस लिफ्टकडे वळले. सवयीने. आई दुसऱ्या लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने बटण दाबलं. टॅक्सीत, परळ आल्यावर ती म्हणाली, "सगळ्या मजल्यानं वास घेतला होता."

त्यानंतर त्या लाह्यांची कीर्ती आत्याच्या टॉवरमध्ये किती पसरली ते मला आत्याच्याच फोनवरून कळत राहिलं. समुद्राच्या खुशालीनंतर आता लाह्यांची आठवण निघायची. कृती काय, मिरची कुठली, धुरकट चव कशाने येते. "अंदाजानं टाकते हो ताई," आई सांगायची. ते एका अर्थी खरं होतं. आम्हाला ती चव कधी लागलीच नव्हती, तर सांगणार काय?

पुढच्या संक्रांतीच्या आधी प्रसाददादा स्वतः लालबागला आला. कडेवर विहान, बरोबर अनुजावहिनी. तिने उंबऱ्यात हात जोडले आणि "मामी, यंदाच्या बोरन्हाणाला तुम्ही आधीपासून यायचंय, औक्षण तुम्हीच करायचंय," असं पाठ केल्यासारखं म्हणाली. पाठ केलं असलं तरी नीट म्हणाली, अडखळली नाही. खोलीत तिला दोनदा शिंक आली. सावंतकाकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "सर्दी झाली काय गो सुनेक?" मग वहिनीने चहा घेतला, खाली नजर ठेवून विचारलं, "आणि त्या लाह्या... गेल्या वर्षीसारख्याच कराल ना?"

"करीन की," आई म्हणाली.

ती मंडळी गेल्यावर आईने माळ्यावरून डबा काढून घेतला, उरलेला मसाला बरण्यांत भरला आणि फडकं घेऊन बसली. मी साबण आणि लिंबाच्या साली आणून दिल्या. तिने त्या बाजूला सारल्या. डबा आतून एकदा नुसता पुसला, झाकण लावलं आणि उन्हात न ठेवता गॅसजवळ ठेवून दिला.